पत्रातला दुसरा पाय

आमच्या नात्यागोत्यात इंग्रजी येणारा माणूस म्हणजे मी. हे कोणी ठरवलं ते माहीत नाही, पण ठरून गेलं, आणि मीही कधी हरकत घेतली नाही. नवा फ्रीज आला की त्याचं पुस्तक माझ्याकडे. औषधाच्या डबीतला घड्याघड्यांचा कागद माझ्याकडे. मेव्हण्याच्या पोराच्या कॉलेजातून पत्र आलं की तेही माझ्याकडे. मी कपाळावरचा चष्मा नाकावर आणतो, कागद जरा दूर धरतो, ओठ हलवतो आणि म्हणतो, "हं." एवढ्यावरच अर्ध्या लोकांचं समाधान होतं. उरलेल्यांना मी अंदाजाने सांगतो. फ्रीजच्या बाबतीत अंदाज एकदा चुकला आणि साडूच्या घरी आठवडाभर दुधाचा बर्फ होत राहिला. पण साडूने दोष फ्रीजला दिला, मला नाही.

भंडाऱ्यात सरकारी कचेऱ्यांसमोर टिनाच्या टपऱ्यांची एक रांग आहे, त्यातली एक माझी. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोकरीचे फॉर्म, बँकेची पत्रं टाइप करून देणं हा माझा धंदा. पंचवीसेक वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. वडील हातमागावर बसायचे. माझे हात मागावर चालेनात, म्हणून मला टायपिंगच्या क्लासला घातलं. मिनिटाला चाळीस शब्दांची इंग्रजी परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झालो. तेव्हापासूनची खरी गोष्ट अशी, की इंग्रजी माझ्या बोटांना येतं, मला येत नाही.

बोटांना येतं ते असं. प्रत्येक कामाचा माझ्याकडे एक फॉर्मेट आहे. नाव, गाव, तारीख यांच्या जागा मोकळ्या. बाकी वाक्यं पक्की. ती वाक्यं मला ज्या म्हाताऱ्या टायपिस्टाच्या हाताखाली मी शिकलो त्याने दिली. त्याला कोणी दिली ते त्यालाही आठवत नव्हतं. मी मोकळ्या जागा भरतो, प्रिंट काढतो, शिक्क्याची जागा दाखवतो. नवं वाक्य करायची वेळ वर्षातून दोनदा येते, आणि ती आली की मला घाम फुटतो.

घाम फोडणारी वस्तू म्हणजे 'ए' आणि 'द'. आपल्याकडे "बाई आली" म्हटलं की काम झालं. कोणी एक बाई आली की कालचीच ती आली, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. इंग्रजाला एवढा धीर नाही. त्याला वस्तूच्या आधीच सांगावं लागतं. 'ए' लावायचा तर पुढे वस्तू एकच आहे का ते बघा. दोन झाल्या की 'ए'ला उठवा. त्यात पुन्हा 'अॅन' नावाचा त्याचा भाऊ आहे, तो कधी घुसेल याचा नेम नाही. 'द' मात्र गरीब. एकाला चालतो, दहांनाही चालतो. जवसाची चटणी जशी भातासोबत, पोळीसोबत, कशासोबतही खपते, तसा. आणि 'द'हून भक्कम म्हणजे 'द सेड'. आपल्या कागदांतला 'सदर'. सदर इसम, सदर इसमाची सदर गाय, सदर गायी. शंका आली की मी 'द सेड' टाकत आलो. पंचवीस वर्षांत त्यापायी एकही कागद परत आला नाही. यावरून मी समजून चाललो की माझं बरोबर आहे. ते कागद कोणी वाचतच नसेल, हे काही डोक्यात आलं नाही.

माझी लेक नर्स आहे, भंडाऱ्यातल्याच एका खाजगी दवाखान्यात. मागच्या वर्षी आयर्लंडातल्या एका इस्पितळाने मोबाईलवरूनच तिची मुलाखत घेतली आणि जागा देऊ केली. अट एकच: नर्सांसाठी जी इंग्रजीची परीक्षा असते ती पास व्हायची. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं, चारही. उन्हाळा संपेपर्यंत जागा धरून ठेवू, त्यानंतर दुसऱ्या कोणाला देऊ, असं त्यांनी साफ लिहिलं होतं.

लिहिण्यात एक पत्र असतं. पेशंटची टिपणं देतात, तुटक तुटक, दवाखान्याच्या तक्त्यावर असतात तशी. त्यांवरून पुढच्या दवाखान्यातल्या नर्सला पूर्ण वाक्यांचं पत्र लिहायचं. टिपणांत 'ए' नसतो, 'द' नसतो, काही नसतं. ते सगळं आपण भरायचं.

"बाकीचं होऊन जाईल बाबा," लेक म्हणाली. "लिवन्याचंच भेव वाटते मले."

पत्र! पत्र म्हणजे तर माझं दुकान. माझी छाती जी फुगली, ती मला आजही आठवते आणि लाज वाटते. मी म्हटलं, "त्यात काय हाय? मी फॉर्मेट बनवून देतो. तू मोकळ्या जागा भरजो."

घरात जिथे वडिलांच्या मागाचा खड्डा होता तो आम्ही कधीचाच बुजवला; त्यावर आता दिवाण आहे. त्या दिवाणावर बसून, रोज सकाळी तिची ड्यूटी सुरू व्हायच्या नि माझी टपरी उघडायच्या आधी, मी तिला पत्र शिकवलं. महिना, दोन महिने, सहा महिने. फॉर्मेट तिला झोपेतही म्हणता येईल इतका पाठ झाला. सदर पेशंटला सदर जखम सदर पायात आहे. सदर जखमेवर सदर ड्रेसिंग करण्यात यावं. इंग्रजीत ते फार भारदस्त वाटायचं. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची. ती कोष्ट्यांच्याच घरची, लग्नाआधी आपल्या बापाच्या मागासाठी कांड्या भरायची, म्हणजे बाण्याचं, आडव्या धाग्याचं सूत लहान नळ्यांवर गुंडाळायची. इंग्रजी तिला येत नाही, पण मत असतं.

एकदा पुस्तकातल्या नमुन्यात 'ए वूमन' आलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी होती. बायकोने अर्थ विचारला, लेकीने सांगितला, "एक बाई."

"एक बाई? मंजे कोनी तरी बाई?" बायको म्हणाली. "एवढी म्हातारी, आजीच्या वयाची, तिले अशी कोनी तरी म्हनता? लाज नाही वाटत त्याईले?"

"मनूनच आपन 'द सेड वूमन' लिवतो," मी म्हणालो. "सदर बाई. मान राह्यते."

"हां, हे बरं हाय," बायको म्हणाली, आणि मला तेव्हा माझं इंग्रजी गोऱ्यांच्या इंग्रजीपेक्षा सभ्य आहे असंच वाटलं.

पहिल्या वेळी लेक नापास झाली. ऐकणं पास, वाचणं पास, बोलणं तर फारच छान. लिहिण्यात थोडक्यात राहिली. निकालात नुसते गुण येतात. काय चुकलं ते कोणी सांगत नाही. लेकीने दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले इंग्रजी जमतच नाही बाबा. बोलनं जमते, लिवनं नाही. डोकंच नाही मले." मी म्हणालो, "घाबरू नको माय. फॉर्मेट अजून पक्का करू." दुसऱ्यांदा फॉर्म भरला. आता चुकलं तर उन्हाळा संपायच्या आत पुन्हा परीक्षा नव्हती, म्हणजे जागा गेलीच. मी फॉर्मेटमध्ये आणखी दोन 'द सेड' घातले.

परीक्षेला अकरा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. लेक घाईत डबा विसरून ड्यूटीवर गेली. टपरीवर जाता जाता मी तो द्यायला दवाखान्यात गेलो. ती वॉर्डात होती. तिथल्या मोठ्या सिस्टर केरळच्या. वीस वर्षं भंडाऱ्यात काढलेल्या, पण बोलतात हिंदीच. त्यांच्या टेबलावर एक कागद होता. अक्षर लेकीचं. मी लांबूनच ओळखलं.

"आप इसके पिताजी? बैठिए." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "आपकी बेटी को बोला था, एक चिट्ठी लिखके दिखाओ. पेशंट को दोनों पाँव में घाव है. शुगर का पेशंट है. अब आप देखिए, इसका दूसरा पाँव किधर है?"

मी चष्मा नाकावर आणला. कागद दूर धरला. ओठ हलवले. टिपणांत दोन पाय होते, दोन जखमा होत्या. एक जखम ओली, एक सुकत आलेली. पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच सदर पाय, एकच सदर जखम. फॉर्मेटमध्ये जागाच एकाची होती.

"हं," मी म्हणालो.

"चिट्ठी पढ़के वहाँ की नर्स एक पाँव का ड्रेसिंग करेगी. दूसरा ढँका रहेगा मोज़े में. फिर?" त्यांनी हात पसरले. "और यह बार बार 'द सेड, द सेड' क्या है? पेशंट है कि पुलिस केस है?"

मी कागद टेबलावर परत ठेवला.

"लड़की होशियार है," सिस्टर म्हणाल्या. "मुँह से बोलती है तो एकदम सही बोलती है. लिखने में किसी ने बहुत गलत सिखाया है. जिसने भी सिखाया, उससे दूर रखिए इसको."

मी म्हटलं, "हाँ जी."

आणि डबा टेबलावर ठेवून निघून आलो.

त्या दिवशी टपरीवर एक गिऱ्हाईक आलं होतं. लाखांदूरकडचा शेतकरी, पहाटेच्या एसटीने आलेला. पोरीचा नोकरीचा अर्ज टाइप करायचा होता, इंग्रजीतला. साधं काम. फॉर्मेट उघडला, नाव भरलं, गाव भरलं. शिक्षणापाशी आलो तेव्हा पोरीच्या परीक्षा दोन आहेत की एक, हे बघायला मी कागद उलटला. मग पुढच्या ओळीत, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वस्तूपाशी मी थांबून विचार करू लागलो, आणि बोटं थांबली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मिनिटाला चाळीस शब्दांचा माणूस मी, अर्ध्या तासात पाच ओळींवर आलो.

"बाबूजी," तो म्हणाला, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

"हाव. बरी हाय."

"नाही, पानी आनून देऊ का मनलं. घामेघूम होऊन राह्यले."

मी त्याला म्हटलं की जरा चहा पिऊन ये. तो चहा पिऊन आला, तरी मी सहाव्या ओळीवरच होतो.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. पहिल्या दिवशी शाळेतल्या पोरांचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक विकत आणलं आणि वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, बाजूच्या टपरीवाल्याला दिसू नये म्हणून. त्यात प्रत्येक नियमाखाली अपवाद होता आणि अपवादाखाली चौकट होती, आणि चौकटीत लिहिलं होतं की सरावाने येतं. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या वस्तूंवर सराव केला. ए स्टेपलर. टाचण्या पुष्कळ, म्हणून 'ए' नाही. शाई दिसेना इतकी वाळलेली, तिला काय लावायचं ते कळेना. तिसऱ्या दिवशी लेकीला सकाळी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "आज जरा वेगळं लिवून पाह्य. फॉर्मेट सोडून."

तिने वर पाहिलं. "काहून?"

"असंच."

"नाही बाबा. फॉर्मेट नाही सोडाचा. तुमीच म्हनता ना, भेव वाटलं का फॉर्मेट धराचा." आणि तिने डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, सदर पेशंट, सदर जखम, सदर पाय, अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच ठेक्यात.

मला माहीत होतं की सांगायला हवं. पण माझं गणित असं चाललं होतं, की आठ दिवसांवर परीक्षा. आता तिच्या हातातली काठी काढून घेतली तर ती चालेल की पडेल? न काढली तर पडणार हे नक्की. काढली तर पडेलही आणि वर मला दोष देईल. या शेवटच्या भागाला मी सगळ्यात जास्त घाबरत होतो, हे कबूल करतो. आयर्लंडातली जागा जाईल हे भय होतंच. त्याच्या बाजूला एक छोटं, चिकट भय बसलेलं होतं, की साडूला कळेल.

सिस्टरांनी तिला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, असं चौथ्या दिवशी सकाळी लेकीच्याच बोलण्यातून कळलं. पण लेकीने ते मनावर घेतलं नव्हतं. म्हणे, "बाबा पंचवीस वर्सं झाले लिवून राह्यले, सिस्टरले इथल्या ऑफिशियल भाषेचं मायीत नसन."

हे ऐकलं त्याच सकाळी मी सांगितलं. सात दिवस उरले होते. ती दिवाणावर वही घेऊन बसलेली, बायको समोर भाजी निवडत होती.

"त्या पत्रात चुका हायेत," मी म्हणालो. "माह्या हायेत."

"कोनत्या?"

"साऱ्या."

ती हसली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू थांबलं.

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या पायाचं, सिस्टरांचं, म्हाताऱ्या टायपिस्टाचं. 'द सेड' मी कधी समजून लावलाच नाही, शंका आली की लावत गेलो, हेही. 'ए'च्या पुढे एक आहे की दोन, हे बघायची पाळी येऊ नये म्हणून. बोलताना मला जाणवलं की हे मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो.

"मंजे पयल्या टायमाले मी नापास झाली ते…"

"हाव."

"आन् मी समजून राह्यली होती का मलेच डोकं नाही."

तिने वहीतलं फॉर्मेटचं पान माझ्यासमोर धरलं.

"येत नव्हतं तर सांगतलं काहून नाही तुमी?" तिचा आवाज चढला. "सा महिने बाबा! सा महिने मले पोपटासारखं बोलवलं!"

"कोनी इचारलं नाही ना माय, येते का मनून," मी म्हणालो. "सारे कागद घेऊन येत गेले, मी वाचत गेलो."

बायकोने निवडलेली भाजी बाजूला केली. "मी सांगू का," ती म्हणाली. "मागावर फणीच्या एका घरात दोन धागे गेले का कापडच सांगते. पुऱ्या थानात उभी रेघ दिसते. तुमचा कागद काहून सांगत नाही कोनाले?"

"सांगतलं ना आता," लेक म्हणाली. "सिस्टरनं सांगतलं. आमी आयकलं नाही." मग ती वही मिटून उठली. दारापर्यंत गेली, परत आली. "आजपासून घरात इंग्रजी बंद."

"बरं."

"तुमची. माही नाही."

"बरं."

"आन् परीक्षेच्या दिवशी एक शब्द बोलाचा नाही. बेस्ट ऑफ लकही नाही."

त्या सात दिवसांत ती ड्यूटी संपली की सिस्टरांसोबत दीड तास बसून यायची. मला काहीच दाखवायची नाही. पण कान बंद करता येत नाहीत. सकाळी ती दिवाणावर बसून पेशंटशी बोलल्यासारखं पुटपुटायची. आधी ती पेशंट डोळ्यांसमोर आणायची: वय किती, पाय किती, गोळ्या किती, सोबत कोण आलंय. बोटांवर मोजायची. मग लिहायची. फॉर्मेटात कधी पेशंट नव्हताच, हे मला तेव्हा दिसलं. मोकळी जागा होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भारदस्त वाक्यं होती. सात दिवस पुरतील का, हा प्रश्न मात्र जागचा हलेना. सहा महिन्यांचं पाठांतर सात दिवसांत उतरतं का? माझ्या बोटांतून म्हाताऱ्या टायपिस्टाचं पंचवीस वर्षांत उतरलं नव्हतं.

परीक्षा नागपूरला होती. सकाळच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो. वैनगंगेच्या पुलावर तिने डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. मी कान टवकारले. 'द सेड' येतंय का ऐकायला. गाडीच्या आवाजात काही कळेना. मी जरा वाकलो.

"बाबा," डोळे न उघडता ती म्हणाली, "तिकडे सरका."

मी सरकलो.

केंद्रावर पोचलो आणि ती आत गेली. मी समोरच्या चहाच्या हातगाडीपाशी बाकड्यावर बसलो. तिची बॅग मांडीवर. तीन तास होते. पहिल्या तासात मी तीन चहा प्यायलो. ऐकणं आणि वाचणं चाललं असेल म्हणून जरा बरा होतो. मग घड्याळाकडे बघून मला कळलं की आता लिहिणं सुरू झालं असेल. टिपणं तिच्या समोर असतील. घाबरली तर ती काय धरेल, हे मला ठाऊक होतं. मीच शिकवलं होतं, घाबरलं की फॉर्मेट धरायचा. चहावाला म्हणाला, "काका, बैंक का पेपर है क्या बच्चे का?" मी म्हटलं, "नहीं, बेटी का. इंग्लिस का." तो म्हणाला, "फिर तो टेंसन काय का. आप पढ़े लिखे दिखते हो, घर पे सिखाया ही होगा." मी चौथा चहा सांगितला.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी उठून उभा राहिलो, तोंड उघडलं, आठवलं, मिटलं. तिने बॅग घेतली, पाणी प्यायली.

"भूक लागली," ती म्हणाली.

आलू-पोहे खाल्ले. परतीच्या एसटीत ती झोपली. पूल आला तेव्हा मी हळूच म्हटलं, "लिवलं?" तिने मान हलवली. हो की नाही, गाडीच्या धक्क्यात नीट दिसलं नाही.

निकालाला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मी गिऱ्हाइकांना त्रास दिला. एका मास्तरांचं प्रतिज्ञापत्र करताना इतक्या वेळा विचारलं, की घर एक की दोन, भाऊ एक की दोन, की ते म्हणाले, "तुमी टाइप करून राह्यले का जनगणना?" रांगेतल्या बाकी टपऱ्यांवर माझी थट्टा सुरू झाली. मला ती ऐकू येत होती, पण मन तिकडे नव्हतं. घरी लेक मोबाईल उलटा ठेवायची. बायको तो सुलटा करायची. मी लांबून बघायचो.

निकाल आला तेव्हा ती दवाखान्यात होती. फोन बायकोला केला, मला नाही. बायकोने मला केला.

"झाली," ती म्हणाली.

"काय झाली? पास?"

"तेच ना. लिवन्यात जरासकच वरती हाय म्हने, पन झाली."

मागच्या वेळी जेवढ्याने राहिली होती, जवळपास तेवढ्यानेच निभावली. मी टपरीतल्या खुर्चीवर बसलेलाच होतो, तरी बसावंसं वाटलं. बायको फोन ठेवेना. मग म्हणाली, "मंजे आता पोरगी जाईनच नाही का." तिने ते प्रश्नासारखं विचारलं नाही.

रविवारी लेकीची सुट्टी होती. दुपारी जेवायच्या आधी ती दिवाणावर मोबाईल घेऊन बसली. आयर्लंडच्या इस्पितळाला कळवायचं होतं, की मी पास झाले आणि मी येते. मेल तिने लिहून ठेवला होता. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "बाबा, इकडे या. वाचा."

"मी? नको."

"चुका काढासाठी नाही. नुसतं वाचा."

मी चष्मा नाकावर आणला. सहा ओळी होत्या. एकही 'द सेड' नव्हता. दुसऱ्या ओळीत तिने लिहिलं होतं की ती तिची प्रमाणपत्रं पाठवते आहे. प्रमाणपत्रं तीन होती, बाजूला जोडलेली दिसत होती. चौथ्या ओळीत ती एका गावातून येते असं होतं; गाव एक, तिथे 'ए'. मला हे सगळं बरोबर वाटलं. म्हणजे बरोबर असेलच असं नाही. एका ठिकाणी माझं बोट 'द' घालायला निघालं होतं, ते मी मागे घेतलं.

"समजलं?" तिने विचारलं.

"समजलं."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो असेन.

"मंग दाबा. माहे हात कापून राह्यले." तिने मोबाईल माझ्या हातात दिला. सहा महिने, दोन परीक्षा, नागपूर, कशात मी तिचे हात असे पाहिले नव्हते.

मी बटणावर बोट धरलं. मिनिटाला चाळीस शब्दांचं बोट. ते काही खाली जाईना. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

"किती वेळ लावता?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, आणि नाक चोंदल्यासारखा. "दाबा ना एकदाचं. भात थंडा होऊन राह्यला."

मी दाबलं.

मग तिघंही जेवायला बसलो. भात खरंच थंड झाला होता.